कण्यातील भूल आणि तिचे विरळ उपद्रव

शस्त्रक्रियेच्या मेजावर रुग्ण जागा आहे, डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे देतो आहे, आणि त्याच वेळी त्याच्या ओटीपोटावर किंवा गुडघ्यावर सुरी चालते आहे, हे दृश्य आपल्या पणजोबांच्या पिढीला जादूटोण्यासारखे वाटले असते. आज कोणत्याही जिल्हा रुग्णालयात ते रोज पाहावयास मिळते. सिझेरियन, हर्निया, मूत्रपिंडाचे खडे, मांडीचे मोडलेले हाड अशा अनेक प्रसंगी रुग्णाला बसवून किंवा कुशीवर निजवून पाठीच्या खालच्या भागात एक बारीक सुई घातली जाते, औषधाचे दोन-तीन मिलिलिटर आत सोडले जातात, आणि पाचएक मिनिटांत कमरेखालचे शरीर जणू परक्याचे होऊन जाते. दोन-तीन तासांनी ते पुन्हा आपले होते. बहुतेकांचा अनुभव येथेच संपतो. या प्रकरणात विचार करावयाचा आहे तो ज्यांचा अनुभव येथे संपला नाही, अशा थोड्या लोकांचा.

प्रथम शब्दांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे भूल या विषयासाठी ‘शुद्धिहरण’ हा शब्द विद्वानांनी रूढ केला. पण येथे शुद्ध हरपतच नाही, हरपते ती संवेदना. म्हणून ‘संवेदनाहरण’ हा शब्द अधिक नेमका. सामान्य माणूस मात्र ‘पाठीत भूल दिली’ किंवा सरळ ‘स्पायनल दिले’ असे म्हणतो, आणि त्याला सर्वांनाच समजते. प्रस्तुत लेखकाने ‘कण्यातील भूल’ हा मधला मार्ग पत्करला आहे. ‘उपद्रव’ हा शब्द जुन्या वैद्यकातला असून मूळ व्याधीच्या किंवा उपचाराच्या पाठोपाठ येणारा दुसरा त्रास, असा त्याचा अर्थ आहे. सध्याच्या ‘गुंतागुंत’ या शब्दापेक्षा तो मला बरा वाटतो.

कण्याची रचना ध्यानात घेतल्याखेरीज पुढचे काही उमगणार नाही. मेंदूपासून निघालेला मेरुरज्जू मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरतो. पण तो माकडहाडापर्यंत पोहोचत नाही. प्रौढ माणसात तो साधारणपणे कमरेच्या पहिल्या व दुसऱ्या मणक्यांच्या दरम्यान संपतो. त्याच्या खाली उरतो तो मज्जातंतूंचा झुबका. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला अश्वपुच्छ म्हणतात. रज्जू आणि हा झुबका यांच्या भोवती तीन आवरणे आहेत. सर्वांत बाहेरची जाड ती दृढतानिका, मधली कोळ्याच्या जाळ्यासारखी तलम ती जालतानिका, आणि रज्जूला चिकटलेली ती मृदुतानिका. मधल्या व आतल्या आवरणांच्या दरम्यान पाण्यासारखा नितळ मेरुद्रव खेळत असतो. भूलतज्ज्ञ आपली सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून या द्रवात नेतो. तेथे रज्जू नसतो, केवळ पाण्यात तरंगणारे तंतू असतात, आणि ते सुईच्या टोकापुढून बहुधा बाजूला सरकतात. या पद्धतीची सारी सुरक्षितता या ‘बहुधा’वर उभी आहे.

ही युक्ती प्रथम यशस्वी केली ती जर्मनीतील कील येथील शल्यविशारद ऑगस्ट बिअर यांनी, १६ ऑगस्ट १८९८ रोजी. घोट्याच्या सांध्याला क्षय झालेल्या एका मजुरावर त्यांनी कोकेनचा उपयोग करून वेदनारहित शस्त्रक्रिया केली. बंगळूरच्या व्हिक्टोरिया रुग्णालयाचे बांधकाम तेव्हा चालू होते; लॉर्ड कर्झनच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन १९०० साली व्हावयाचे होते. म्हणजे ही भूल आणि ते रुग्णालय जवळजवळ एकाच वयाचे आहेत.

बिअर यांच्या पहिल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर डोकेदुखी व ओकाऱ्या झाल्या. हे नेमके काय आहे ते स्वतः अनुभवून पाहावे, असे बिअर यांनी ठरविले, आणि आठच दिवसांनी, २४ ऑगस्टला, त्यांचे साहाय्यक हिल्डेब्रांट यांनी गुरूच्या पाठीत सुई घातली. दुर्दैवाने पिचकारी सुईवर नीट बसेना. औषध बाहेर सांडले आणि मेरुद्रवही बराच वाहून गेला. तेव्हा हिल्डेब्रांट यांनी आपली पाठ पुढे केली. या वेळी सारे जमले. त्यांच्या पायाला चिमटे काढले, जळती सिगार टेकविली, नडगीवर लोखंडी हातोडीचा घाव घातला. त्यांना वेदना म्हणून झाली नाही. संध्याकाळी दोघांनी मद्य आणि सिगार यांच्या संगतीत यश साजरे केले. दुसऱ्या दिवसापासून मात्र हिशेब सुरू झाला. हिल्डेब्रांट यांना ओकाऱ्या झाल्या आणि पायावर काळेनिळे वळ उमटले. बिअर यांचे डोके उठून बसले की असह्य दुखे आणि आडवे होताच थांबे. ते नऊ दिवस अंथरुणावर होते. या पद्धतीचा जनक हाच तिच्या सर्वांत परिचित उपद्रवाचा पहिला काळजीपूर्वक साक्षीदार ठरावा, ही गोष्ट मला नेहमीच मोठी मनोज्ञ वाटत आली आहे. द्रव गळून गेल्यामुळे हे दुखणे येत असावे, हा त्यांचा तर्कही बरोबर होता.

सुईने दृढतानिकेला पडलेले भोक लगेच बुजत नाही. तेथून द्रव झिरपत राहतो, मेंदूखालची पाण्याची गादी कमी होते, आणि माणूस उभा राहिला की मेंदूला धरून ठेवणारी आवरणे व शिरा ताणल्या जातात. पूर्वीच्या जाड, कापणाऱ्या टोकाच्या सुयांनी हे वारंवार घडे. १९५१ साली व्हिटेकर यांनी पेन्सिलीच्या टोकासारखी, धागे कापण्याऐवजी बाजूला सारणारी सुई आणली. १९८७ साली श्प्रोटे यांनी तीत सुधारणा केली. अशी बारीक सुई वापरल्यास आता शंभरांत एखाद-दुसऱ्यालाच हा त्रास होतो.

बंगळूरच्या चिकपेठेतील आमच्या परिचयाच्या एका मराठी घरात हा प्रसंग मी जवळून पाहिला आहे. सुनेचे सिझेरियन झाले. चोवीस तास तिला उशी दिली नाही, मान उचलू दिली नाही. (उशी न देण्याने डोकेदुखी टळते, हा समज अजून घरोघर आहे, पुढे झालेल्या अभ्यासांत त्याला आधार सापडला नाही.) तिसऱ्या दिवशी बाळाला पाजावयास ती उठून बसली, आणि मानेपासून कपाळापर्यंत अशी कळ गेली की बाळ सासूबाईंच्या हाती देऊन ती आडवी झाली. सासूबाई म्हणाल्या, वारे लागले. कानांत कापूस घातला, डोक्याला फडके बांधले. रुग्णालयातील एका डॉक्टरने झोप नाही म्हणून डोके दुखते आहे असे सांगितले. पाचव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरने एकच प्रश्न विचारला: “निजल्यावर थांबते का?” थांबत होते. तेव्हा तिच्याच दंडातील रक्त घेऊन ते कण्यात, दृढतानिकेच्या बाहेर, टोचण्यात आले. रक्ताची गुठळी त्या भोकावर ठिगळासारखी बसते; १९६० साली अमेरिकेतील गॉर्मली यांनी सुचविलेला हा उपाय आहे. त्या संध्याकाळी ती बसून बाळाला पाजत होती. तिची तक्रार डोकेदुखीबद्दल नव्हती. “हे होऊ शकते, एवढे कोणी आधी सांगितले असते तर मी दोन दिवस घाबरले नसते,” असे ती म्हणाली.

परंतु हा साधा त्रासही क्वचित दुसरे रूप घेतो. मेंदू खाली ओढला गेला म्हणजे एखादी ताणलेली शीर तुटते आणि दृढतानिकेखाली, कवटीच्या आत, रक्त साचू लागते. ओळखण्याची खूण बारीक पण मोलाची आहे. निजल्यावर थांबणारे दुखणे निजल्यावरही थांबेनासे झाले, किंवा बरे झालेले डोके आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा दुखू लागले, झोपाळूपणा आला, बोलणे अडखळले, तर हे केवळ ‘सुईचे डोके’ नव्हे. अशा वेळी मेंदूचे चित्र काढणे आवश्यक असते. कधी डोळा बाहेरच्या बाजूस वळविणारा सहावा मस्तिष्क-तंतू ताणला जाऊन एका वस्तूच्या दोन दिसू लागतात; हे भयंकर वाटले तरी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुधा आपोआप सुधारते.

आता ज्या घटनेने या पद्धतीचे नाव अर्ध्या जगात बद्दू केले, तिच्याकडे वळू. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधील चेस्टरफील्डच्या रुग्णालयात अल्बर्ट वुली आणि सेसिल रो या दोन कामगारांवर शस्त्रक्रिया झाल्या. एकाच्या अंडवृद्धीची, दुसऱ्याच्या गुडघ्यातील कूर्चेची. दोन्ही किरकोळ. दोघांनाही एकाच भूलतज्ज्ञाने कण्यातून न्यूपरकेन दिले, आणि दोघेही कमरेखाली कायमचे लुळे झाले. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, दोघे. यास योगायोग कोण म्हणेल?

खटला उभा राहिला तो १९५३ साली. औषधाच्या काचेच्या कुप्या बाहेरून निर्जंतुक राहाव्यात म्हणून त्या फिनॉलच्या द्रावणात बुडवून ठेवीत असत. कुपीला डोळ्यांना न दिसणारी तडा गेली असेल, तर तीतून फिनॉल आत झिरपले असेल, आणि ते फिनॉल त्या दोघांच्या मेरुद्रवात गेले असेल, असे न्यायालयात सांगण्यात आले. जंतू जाऊ नयेत म्हणून योजलेली खबरदारीच येथे विष घेऊन आत शिरली, असा त्याचा अर्थ. ऑक्सफर्डचे प्राध्यापक मॅकिंटॉश यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात अशा अदृश्य तडांविषयी सावध केले होते. पण घटना १९४७ ची. १९५४ साली अपील न्यायालयाने दावा फेटाळला. न्यायमूर्ती डेनिंग यांच्या म्हणण्याचा आशय असा की, नंतर मिळालेल्या ज्ञानाचा चष्मा लावून आधीच्या कृत्याला निष्काळजीपणा ठरविता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे न्याय्य असेल. वुली आणि रो यांना मात्र या निकालाने एक छदामही मिळाला नाही, आणि ते दोघे उरलेले आयुष्य परावलंबी जगले. न्याय आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या खटल्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

गोष्ट तेथेही संपली नाही. १९९० साली हटर यांनी सर्व पुरावा पुन्हा तपासला आणि फिनॉलचा सिद्धांत पटण्यासारखा नाही, असे दाखविले. दोन निरनिराळ्या कुप्यांना एकाच दिवशी तितकीच तडा जावी, हे मुळातच संशयास्पद होते. त्यांच्या मते खरा अपराधी अधिक घरगुती होता. सुया व पिचकाऱ्या उकळण्याच्या भांड्यात पाण्याचा क्षार साचतो; तो काढण्यासाठी आम्ल वापरीत असत. ते आम्ल पुरते काढून न टाकता भांडे पुन्हा वापरात आले असावे, आणि सुयांबरोबर ते कण्यात गेले असावे. ज्या घरात खाऱ्या पाण्याने किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो, त्या घरातील माणसाला हे सहज पटेल.

आम्ल असो वा फिनॉल, आत जे घडते त्याला चिकट जालतानिकाशोथ म्हणतात. तलम आवरण सुजते, तंतू एकमेकांना चिकटतात, मेरुद्रवाचा मार्ग बुजतो आणि रक्तपुरवठा तुटतो. यावर खात्रीचा उपाय आजही नाही.

वुली-रो खटल्याच्या सुमारास न्यूयॉर्कचे विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ फॉस्टर केनेडी यांनीही १९५० साली अशा लुळेपणाच्या रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध करून या भुलेविरुद्ध कडक इशारा दिला. अनेक ठिकाणी ती जवळजवळ बंद पडली. मग १९५४ साली, म्हणजे अपिलाचा निकाल लागला त्याच वर्षी, फिलाडेल्फियाच्या ड्रिप्स व व्हँडम यांनी १०,०९८ वेळा दिलेल्या कण्यातील भुलेचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांत लुळेपणाचा असा एकही प्रकार आढळला नाही. भय दोन माणसांच्या कहाणीने पसरले होते. ते मागे हटविण्यास दहा हजारांची नोंदवही लागली.

स्वच्छ सुई आणि शुद्ध औषध असूनही काही वेळा इजा होते. भूलतज्ज्ञाचा हात मणके मोजतो तो कातडीवरून, आणि तो कधी एक-दोन मणके वर चुकतो; काही माणसांत रज्जूही नेहमीपेक्षा खाली उतरलेला असतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सुई रज्जूच्या टोकाला लागते. इंग्लंडच्या फेलिसिटी रेनॉल्ड्स यांनी २००१ साली अशा सात स्त्रियांचे वृत्त दिले. सुई घालतानाच त्यांना वेदना झाली होती. म्हणून सुई जाताना पायात विजेसारखी कळ गेली तर रुग्णाने ती गप्प बसून सोसू नये. ‘हलू नका’ या सूचनेचा अर्थ ‘बोलू नका’ असा नाही.

औषध स्वतःच तंतूंना जाळते काय, हा प्रश्न १९९१ साली पुढे आला. केसासारख्या बारीक नळीतून लिग्नोकेन पुन्हापुन्हा सोडले असता ते एकाच जागी साचून राही. काही रुग्णांना मलमूत्रावरचा ताबा गमवावा लागला. पुढल्याच वर्षी अमेरिकेत त्या नळ्या बाजारातून काढून घेण्यात आल्या. आपल्याकडे आता कण्यासाठी मुख्यतः ब्युपिव्हाकेन वापरतात.

रक्तस्राव हा दुसरा धोका. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या कण्यात सुईने एखादी शीर फुटली तर बंदिस्त नलिकेत रक्त साचून रज्जू दाबला जातो. येथे वेळेचे गणित निष्ठुर आहे. साधारण आठ तासांच्या आत दाब मोकळा केला तर पाय परत येण्याची आशा बरी. उशीर झाला तर फार थोडी. म्हणूनच भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी हृदयाच्या गोळ्यांविषयी खोदून खोदून विचारतो. बंगळूरला १९७४ पासून निम्हान्ससारखी मज्जाविकारांची मोठी संस्था आहे. पण तालुक्याच्या गावी रात्री लुळा पडलेला पाय ‘अजून भूल उतरली नसेल’ म्हणून सकाळपर्यंत तसाच ठेवला, तर मोठी संस्था असून काय उपयोग?

जंतूंची कथा वेगळी. २००८-०९ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क व ओहायो राज्यांत प्रसूतिकाळी अशी भूल दिलेल्या पाच स्त्रियांना मस्तिष्कावरणशोथ झाला, एक दगावली. जंतू सापडले ते माणसाच्या तोंडात नेहमी असणारे. सुई घालणाऱ्याच्या तोंडावरील कापडी पट्टी ही शोभेची वस्तू नव्हे, एवढे त्यावरून कळते. कोलंबोत २००५ साली, त्सुनामीनंतरच्या धांदलीत, प्रसूतीसाठी भूल दिलेल्या पाच तरुण स्त्रियांच्या मेरुद्रवात बुरशी शिरली. साठवण नीट न झालेल्या पिचकाऱ्यांवर संशय गेला. दमट हवेच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही घटना विसरू नये.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रकार मात्र जंतूंचा नाही, सुईचाही नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी ट्रानेक्सॅमिक आम्ल नावाचे उत्तम औषध शिरेतून देतात. त्याने असंख्य माता वाचतात. त्याची कुपी आणि कण्यात द्यावयाच्या ब्युपिव्हाकेनची कुपी काही कंपन्यांच्या मालात इतकी सारखी दिसते की घाईत एकीऐवजी दुसरी फोडली जाते. तेच आम्ल कण्यात गेले की पाठीत व पायांत आग होते, मग झटके येतात, हृदयाची लय बिघडते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षणात अशा २१ चुका मोजल्या होत्या. त्यांपैकी दहांत रुग्ण दगावले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेला याविषयी सूचना काढावी लागली. दोन्ही कुप्या एका तबकात, एका फळीवर ठेवू नयेत, आणि औषध ओढण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचावे, हा त्यावरील उपाय. खर्च काहीच नाही. लागते ती सवय.

भूल अपेक्षेपेक्षा वर चढणे हा आणखी एक प्रसंग. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो. क्वचित निरोगी तरुण माणसाची नाडी एकाएकी मंद होऊन हृदय थांबते. १९८८ साली अमेरिकेतील कॅप्लन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी चौदा प्रकरणे तपासली, तेव्हा रुग्णाकडे अखंड लक्ष ठेवणे आणि नाडी ढासळताच अ‍ॅड्रिनॅलिन देण्यास न कचरणे यांचे महत्त्व पटले. रुग्णाच्या बोटाला लावलेला तो लुकलुकणारा चिमटा आणि त्याचा एकसुरी टकटक आवाज यांचे मोल या चौदा प्रकरणांच्या पार्श्वभूमीवर समजते.

हे सारे वाचून वाचकाच्या मनात धास्ती निर्माण झाली असेल, तर प्रमाणाचे आकडे देणे माझे कर्तव्य आहे. ब्रिटनमध्ये एका वर्षातील सुमारे सात लाख कण्यातील व कण्याभोवतालच्या भुलांची मोजणी करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कायमची इजा लाखामागे दोन ते चार जणांना. लुळेपणा किंवा मृत्यू लाखामागे एक ते दोन, किंवा त्याहूनही कमी. पूर्ण भुलेचेही स्वतःचे धोके आहेत, आणि भरल्या पोटी आलेल्या बाळंतिणीला तर ते अधिक.

राहिली ती पाठदुखी. कन्नडमध्ये ‘बेन्नु नोवु’ म्हणा की मराठीत कंबरदुखी, बाळंतपणानंतर दहा वर्षांनी पाठ दुखली तरी बायका बोट दाखवितात ते त्या सुईकडे. सुईच्या जागी चार-आठ दिवस ठणक राहते, हे खरे. परंतु प्रसूतिवेदना थांबविण्यासाठी कण्याभोवती सुई घेतलेल्या व न घेतलेल्या बायकांची पुढील काळात तुलना केली असता दीर्घकालीन पाठदुखीत लक्षणीय फरक दिसला नाही. गर्भारपणी ताणलेले सांधे, कडेवरचे मूल, वाकून भरलेल्या बादल्या यांचे ओझे त्या बारीक सुईवर टाकले जाते.

उलट ज्या खुणांकडे लक्ष द्यावयाचे, त्यांकडे कोणी पाहत नाही. भूल उतरण्याची वेळ टळून गेली तरी पाय न हलणे, किंवा एकदा हललेले पाय पुन्हा जड होणे. पाठीत वाढत जाणारी तीव्र कळ. लघवी न होणे, किंवा बसण्याच्या जागी बधिरता. ताप येऊन मान ताठणे. यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा पहाट, परिचारिकेला उठवावे, आणि तिने भूलतज्ज्ञाला.